हमामातले ओरखडे

अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हे नाव मला माहीत झालं ते पाण्यामुळे. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत अणुजीव तपासणीचं काम करते. गावोगावचे जलसुरक्षक बाटल्या भरून आणतात, आम्ही त्या तपासणीला लावतो आणि 'पिण्यास योग्य' किंवा 'पिण्यास अयोग्य' असा अहवाल ग्रामपंचायतीला जातो. मृगाचा पाऊस पडला की अयोग्य नमुने वाढतात. मग दिवसभर फोन: टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली का, पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहणारी ओटी टेस्ट घेतली का, टाकी कधी धुतली होती. या कामातल्या माणसाच्या वाचनात हँकिन कधी ना कधी येतातच. १८९२ मध्ये ते भारतात आले आणि आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक व जंतुशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. कॉलऱ्यानं गावंच्या गावं ओस पडायचे ते दिवस. विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी निर्जंतुक करा, हा आग्रह त्यांनी धरला. १८९६ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्यांनी फ्रेंचमधून एक निबंध छापला. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू काही तासांत मरतात, आणि तेच पाणी उकळलं की त्याचा हा गुण नाहीसा होतो, असं त्यात होतं. जंतूंना संपवणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफाजचा, हा पहिला माग असं बरेच जण मानतात. काही अभ्यासकांना ते पटत नाही. आमच्यात यावर अजून वाद होतात.

फाजबद्दल वाचता वाचता त्यांच्या लेखनाची यादी समोर आली. तीत कॉलरा होता, प्लेग होता, प्राण्यांच्या उड्डाणावर एक अख्खं पुस्तक होतं, आणि भारतीय पुरातत्त्व खात्याच्या मेमॉयर मालिकेतला १५ वा अंक होता, साल १९२५. विषय: इस्लामी कलेतल्या भौमितिक नक्ष्या काढायच्या कशा. स्कॅन उतरवून घेतला आणि रात्री ओटा आवरल्यावर वाचायला बसले. मजकूर थोडा, आकृत्या भरपूर. त्या रात्री जी कंपासपेटी काढली ती अजून कपाटात गेलेली नाही, जेवणाच्या टेबलावरच असते.

हँकिन यांना सापडलं ते असं. अकबरानं १५७१ पासून उभारलेल्या फतेहपूर सिक्रीत एक छोटा हमाम, म्हणजे स्नानघर, आहे. त्यातल्या अर्धघुमटाच्या छतावर ताऱ्यांची नक्षी आहे. ती पाहत असताना हँकिन यांना गिलाव्यावर नक्षीच्या रेघांशिवाय आणखी काही दिसलं: फिकट ओरखडे. हे ओरखडे नक्षीच्या कुठल्याच रेघेवर बसत नव्हते. तुटक होते, मध्येच सुरू होऊन मध्येच संपत होते. ते पुरे करून पाहिले तेव्हा त्यांचे बहुभुज झाले, आणि प्रत्येक बहुभुजाच्या पोटात नक्षीतला एकेक तारा नेमका बसला. कारागिरानं आधी बहुभुज आखले होते, त्यांच्या आधारानं नक्षी काढली होती आणि मग बहुभुज बुजवून टाकले होते. ते पुरते बुजले नव्हते, म्हणून सव्वातीनशे वर्षांनी ते वाचणारा माणूस भेटला. १९०५ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या नियतकालिकात त्यांनी हे पहिल्यांदा मांडलं.

युरोपात तोवर अशा नक्ष्यांचे जाडजूड संग्रह छापून झाले होते. फ्रान्सच्या ज्यूल बुर्ग्वाँ यांचा १८७९ मधला संग्रह तर आजही लोक वापरतात. पण तयार नक्षीवर आपल्या सोयीची वर्तुळं आणि चौकटी बसवून ती पुन्हा काढता येणं वेगळं, आणि ती ज्यानं पहिल्यांदा काढली त्याच्या हातानं कुठून सुरुवात केली हे कळणं वेगळं. हँकिन यांनी दुसरी गोष्ट शोधली. मला यात त्यांचा पेशा दिसतो. प्रयोगशाळेतल्या ताटलीवर जंतूंच्या वसाहती उगवल्या की आम्ही त्या मोजतो, पण जिथे उगवायला हव्या होत्या आणि उगवल्या नाहीत तिथे जास्त वेळ थांबतो. भिंतीवरचा नको असलेला ओरखडा दुसऱ्या कुणी मळ म्हणून सोडून दिला असता.

आता रीत सांगते, कारण ती हातानं करून पाहिल्याशिवाय तिची गंमत कळत नाही. माझी भाची आठवीत आहे, शनिवारी तिची सकाळची शाळा सुटली की माझ्याकडे येते. तिला मी हे असंच शिकवलं.

एक वर्तुळ काढायचं. कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर टोक टेकवत पुढे जायचं. बरोबर सहा टप्प्यांत आपण निघालो तिथे परत येतो. सहा खुणा जोडल्या की षटकोन. त्याला लागून दुसरा, तिसरा, असं करत कागदभर षटकोनच षटकोन. इथवर पाठ्यपुस्तकात आहेच. आता प्रत्येक कडेचा मध्यबिंदू घ्यायचा आणि त्या बिंदूवर एक फुली मारायची, म्हणजे कडेला आरपार छेदणाऱ्या दोन रेघा, प्रत्येकीचा कडेशी कोन ६० अंश. या रेघा षटकोनाच्या आत वाढवत न्यायच्या आणि शेजारच्या मध्यबिंदूवरून येणारी रेघ भेटली की थांबायचं. बस. सगळ्या कडांवर हे झालं की षटकोन खोडरबरानं पुसून टाकायचे.

"आत्या, खोडायचेच होते तर एवढे काढले कशाला?"

"ते काढल्याशिवाय फुली कुठे मारायची ते कसं कळणार?"

तिनं खोडले. कागदावर सहा टोकांचे तारे उरले, एकमेकांना टोकांनी धरलेले, आणि ताऱ्यांच्या मधल्या जागांत नवे, लहान, अगदी नियमित षटकोन तयार झाले होते. हे षटकोन आम्ही काढलेच नव्हते. खोडलेल्या तीन मोठ्या षटकोनांचा कोपरा जिथे जुळत होता, तिथे एकेक आपोआप उगवला होता. तिनं कोनमापक लावून एकेक कोन मोजला: १२०, १२०, १२०. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे कुणी ठरवलं?" मला त्या प्रश्नाचं भूमितीतलं उत्तर देता आलं, ते दिलं. पण तिनं ज्या सुरात विचारलं होतं, तोच सूर मला या सगळ्या इमारतींत ऐकू येतो.

ठिपक्यांच्या रांगोळीत हात बसलेल्या बायकांना हे पटकन उमगेल. ठिपके रांगोळीसाठी असतात, पण पाहणाऱ्याला दिसायची असते ती वेल. फरक एवढाच की ठिपके रेघेखाली दबतात, आणि इथे षटकोनाची कड नक्षीतल्या एकाही रेघेवर येत नाही. ती फुलीच्या मधून जाते आणि मागमूस न ठेवता निघून जाते.

आता त्याच षटकोनांवर कोन बदलून पाहा. ६० ऐवजी ३० अंश घेतला तर शेजारशेजारच्या मध्यबिंदूंवरून निघालेल्या रेघा एकाच सरळ रेषेत येतात. तारे नाहीसे होतात, षटकोन आणि त्रिकोण उरतात. टोपली विणताना पडते तशी ही जाळी. तीसच्या आणि साठच्या मधला कुठलाही कोन घ्या, तारे बुटके किंवा टोकदार होत जातात. पाया एकच, कोन हलवला की नवी नक्षी. पाया बदलला तर घराणंच बदलतं. अष्टकोन शेजारी शेजारी मांडले की मध्ये चौरस उरतात, त्यावर आठ टोकांचे तारे. बारा बाजूंचे बहुभुज मांडले की मध्ये त्रिकोण उरतात, त्यावर बारा टोकांचे. उरलेल्या चौरसाच्या आणि त्रिकोणाच्या कडांवरही तीच फुली, तोच कोन. तारा आणि भरणा वेगवेगळे वाटत नाहीत ते त्यामुळे.

एखादी तयार नक्षी उलट वाचायची असेल तर फोटो काढा, कागदावर छापा आणि आधी फुल्या शोधा. दोन रेघा एकमेकींना जिथे आरपार छेदतात तिथून, दोन्ही रेघांच्या बरोबर मधून जाणारी एक रेघ पेन्सिलीनं ओढा. अशा दोन रेघा निघू शकतात. ताऱ्याच्या टोकाला आडवी जाणारी घ्या. शेजारच्या टोकाशीही तेच करा. ताऱ्याभोवती बहुभुज बंद होऊ लागला की तुम्ही रस्त्याला लागलात.

आग्र्याला गेलो तेव्हा ताजमहालाच्या रांगेत अर्धा दिवस गेला, त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. यमुनेच्या पलीकडे एतमादुद्दौलाची कबर आहे. नूरजहाननं आपल्या वडिलांसाठी, मिर्झा गियास बेग यांच्यासाठी, १६२२ ते १६२८ मध्ये ती बांधून घेतली. गर्दी कमी, म्हणून भिंतीला नाक लावून पाहता येतं. बाहेरच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यात संगमरवरात पिवळे, तपकिरी, करडे दगड बसवून केलेली ताऱ्यांची पच्चीकारी आहे. मी तिथे पटलांचे, म्हणजे नक्षीच्या एकेका चौकटीचे, कोपरे पाहत हिंडले. कोपरे का, ते सांगते. जिथे नक्षी मध्येच कापावी लागते, तिथे कारागिराचा हिशोब उघडा पडतो. चांगल्या पटलात कोपरा ताऱ्याच्या मध्यावर येतो, त्यामुळे चारही कोपऱ्यांत पाव पाव तारा असतो, आणि कडेवर आला तर अर्धा. म्हणजे पटलाची लांबी-रुंदी आणि नक्षीचा आकार आधीच एकमेकांशी जुळवून घेतलेला असतो. भिंत भरत गेलो आणि जागा संपली तिथे थांबलो, असं इथे होत नाही. एका पटलापुढे मी बराच वेळ उभी राहिले, कारण पावताऱ्याचं टोक चौकटीच्या रेघेला भेटतं तिथे पिवळ्या दगडाचा तुकडा करंगळीच्या नखाएवढासुद्धा नव्हता, आणि तरी त्याच्या तिन्ही कडा सरळ होत्या. तो तुकडा आणखी थोडा लहान झाला असता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. कुणी तरी तो घासून घासून बसवला होता.

सिक्रीत शेख सलीम चिश्ती यांचा दर्गा आहे. तो १५८० च्या सुमाराचा. भोवतीचा व्हरांडा पांढऱ्या संगमरवरी जाळ्यांनी बंद केलाय. लोक त्या जाळीला मन्नतीचे धागे बांधतात, त्यामुळे खालच्या हातापुरत्या भागात दगड कमी आणि दोरे जास्त दिसतात. बाहेरून पाहिलं तर जाळीमागे काळोख. आत गेलं की तीच जाळी उजेडाची होते आणि अंगणातली माणसं तिच्यातून स्पष्ट दिसतात. जाळीजवळ गाल नेला तर वाऱ्याची झुळूक लागते. बाहेर लाल दगडाचं अंगण तापून पाय ठेववत नाही आणि आत बसवतं, ही या भूमितीची रोजची कमाई.

जाळीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला पच्चीकारीपेक्षा अवघड वाटते. कागदावर रेघ म्हणजे नुसती रेघ. जाळीत रेघेची दगडी पट्टी होते, आणि दोन पट्ट्यांमधला दगड आरपार काढून टाकायचा असतो. आधी सामत्यानं भोकं पाडायची, मग छिन्नीनं कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि शेवटी कानशीनं पट्टीच्या कडा उतरवायच्या. संगमरवराला दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. एक पट्टी तडकली तर सगळी शिळा बाद. म्हणून नक्षीत कुठलाही आकार सुटा, नुसता लटकलेला असून चालत नाही. इथे त्या फुलीचं मोल कळतं. प्रत्येक कडेच्या मध्यावर दोन रेघा आरपार जात असल्यामुळे एकही पट्टी तिथे संपत नाही, ती पुढच्या बहुभुजात शिरते. सगळी जाळी एकमेकींना धरून उभी राहते. सुंदर दिसणं आणि न तुटणं ही दोन्ही कामं तीच एक रेघ करते.

हँकिन यांच्या तर्काला पुढे भक्कम पुरावा मिळाला तो इस्तंबूलमध्ये. तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथालयात नक्ष्यांची एक गुंडाळी आहे. सुमारे साडेएकोणतीस मीटर लांब, ११४ आकृत्या, पंधराव्या-सोळाव्या शतकातली, इराणकडची. कलेच्या इतिहासकार गुलरू नेजिपओग्लू यांनी १९९५ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कागदावर शाईनं नक्षी आहे, आणि तिच्याखाली शाई न लावता टोकदार हत्यारानं कोरलेल्या रेघा आहेत. त्या सरळ पाहिलं तर दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात. काही आकृत्यांत बहुभुज लाल ठिपक्यांनीही दाखवलेत. म्हणजे हमामाच्या गिलाव्यावर जे ओरखडे होते तेच इथे कागदावर आहेत, हजारो मैलांवर. पाया आखायचा आणि तो पाहणाऱ्यापुढे आणायचा नाही, ही कामाची रीतच होती. गुंडाळीवर समजावून सांगणारा मजकूर जवळजवळ नाही. उस्ताद शेजारी बसून शिकवत असणार.

पुढे संगणकवाल्यांनाही हीच रीत सोयीची वाटली. कॅनडातले क्रेग कॅप्लन यांनी हँकिन यांची पद्धत घेऊन नक्ष्या काढणारी प्रणाली लिहिली. २०२३ मध्ये ज्या एकाच आकाराच्या फरशीनं, कधीही पुनरावृत्ती न होता, सगळं प्रतल भरता येतं असं सिद्ध झालं, त्या 'हॅट' फरशीच्या चार शोधकांपैकी एक हेच कॅप्लन.

भूमिती जाणणारे आणि हातानं काम करणारे यांची गाठ किती जुनी आहे पाहा. दहाव्या शतकात बगदादला अबुल वफा बुझजानी नावाचे मोठे गणिती होते. कारागिरांना भूमितीतलं काय काय लागतं यावर त्यांनी एक ग्रंथच लिहिला. त्यात ते गणिती आणि कारागीर यांच्या बैठकीची हकीकत सांगतात. प्रश्न होता: तीन सारखे चौरस कापून एक मोठा चौरस कसा करायचा? गणिती लोकांना नव्या चौरसाची बाजू किती हे रेघेनं दाखवता येत होतं, पण तुकडे कसे पाडायचे ते सांगता येत नव्हतं. कारागीर तुकडे पाडून जुळवून दाखवत होते, पण ते बारकाईनं तपासलं की जुळत नव्हते. बुझजानी यांनी दोघांनाही पटेल असं उत्तर दिलं. एक चौरस मध्ये तसाच ठेवायचा. उरलेले दोन कर्णावर कापून चार त्रिकोण करायचे. प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू मधल्या चौरसाच्या एकेका बाजूला, एकाच दिशेनं फिरत, कोपऱ्याशी टोक जुळवून लावायची. मग चारही त्रिकोणांचे काटकोनी कोपरे सरळ रेघांनी जोडायचे. रेघेबाहेर येणारे तुकडे कापले की ते आतल्या रिकाम्या जागांत नेमके बसतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून हे कापून पाहा, जाड पुठ्ठा लागतो. हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस दोन्हीकडच्या लोकांचं ऐकून घेत होता आणि कुणालाच कमी लेखत नव्हता, याचा मला फार आदर वाटतो.

पाच आणि दहाचं घराणं सगळ्यांत अवघड. दशकोनाचा आतला कोन १४४ अंश. दोन शेजारी ठेवले की २८८ झाले, उरले ७२. तिसरा दशकोन त्यात मावत नाही. मग कारागिरांनी काय केलं, तर दशकोनांच्या मधल्या फटीला, कमरेत आवळलेल्या बो-टायसारख्या आकाराला, आपल्या संचात मानाची जागा दिली. त्याच्या जोडीला पंचकोन, लांबट षटकोन आणि समभुज चौकोन. अशा पाच आकारांच्या सगळ्या कडा सारख्या लांबीच्या आणि सगळे कोन ३६ च्या पटीत. २००७ मध्ये हार्वर्डचे पीटर लू आणि प्रिन्स्टनचे पॉल स्टाइनहार्ट यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या १४५३ मधल्या इमारतीवर या संचातल्या आकारांची नक्षी दोन मापांत एकात एक आहे. मोठ्या आकारांच्या पोटात तेच आकार लहान होऊन बसलेत. ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकात पुनरावृत्ती न होणाऱ्या ज्या फरशा मांडल्या, त्यांच्या ती अगदी जवळ जाते, असा लू आणि स्टाइनहार्ट यांचा दावा. १९८२ मध्ये डॅन शेख्टमन यांना मिश्रधातूत असलीच रचना दिसली आणि त्याबद्दल त्यांना २०११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कारागिरांना हे सगळं माहीत होतं का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला तो वाद दुय्यम वाटतो. ७२ अंशांची फट टाकून न देता तिच्यातून अख्खा संच उभा केला, एवढ्यावरच त्यांचं मोठेपण सिद्ध होतं, त्याला नोबेलचा टेकू लागत नाही.

एक वाक्य मात्र मला नेहमी खटकतं: इस्लाममध्ये चित्रं काढायला बंदी, म्हणून बिचारे भूमितीकडे वळले. मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत माणसा-प्राण्यांची चित्रं नसतात हे खरं. पण एतमादुद्दौलाच्या त्याच भिंतींवर सुरूची झाडं आहेत, फुलदाण्या आहेत, सुरया आणि पेले आहेत. सिक्रीत तुर्की सुलतानाच्या म्हणतात त्या दालनात झाडं आणि प्राणी कोरलेले होते, पुढे कुणी तरी त्या प्राण्यांची डोकी फोडली. मुघल दरबारातली लघुचित्रं तर माणसांनी गजबजलेली आहेत. चित्र काढता येत असूनही या लोकांनी तारे काढले, कारण त्यांना तारे काढायचे होते. भूमिती ही कशाची तरी भरपाई नव्हती. आणि हे काम एकट्या एका धर्माच्या हातांचंही नाही. सिक्रीच्या बांधकामात गुजरात-राजस्थानकडच्या दगडकामाची परंपरा जागोजागी दिसते, आणि दगडी जाळी आपल्या देवळांतही होतीच.

आपल्याकडे पाहायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबरा आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, १६६० च्या सुमाराची. आराखडा अताउल्ला यांचा, ताजमहालाशी नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरी यांचा हा मुलगा. ताजची गरीब नक्कल म्हणून लोक वीस मिनिटांत बाहेर पडतात, हे बरं नव्हे. आत गेल्यावर वरच्या सज्जातून खाली वाकून पाहा. कबरीभोवती संगमरवरी जाळ्यांचं अष्टकोनी कुंपण आहे. आधी फुल्या शोधा, मग ताऱ्याच्या टोकाला आडव्या जाणाऱ्या रेघा. तिथे पेन्सिल चालवता येत नाही, डोळ्यांनीच ओढाव्या लागतात. सहल आलेल्या मुलांना कुणी हे पाच मिनिटं दाखवलं तर नववीच्या भूमितीच्या तासाचं निम्मं काम होईल असं मला खरंच वाटतं.

सध्या भाचीचं आणि माझं सातावर अडलंय. नियमित सप्तकोन नुसत्या कंपास-पट्टीनं काढता येत नाही. हे चुकल्यामुळे किंवा येत नसल्यामुळे नाही, तो तसा निघतच नाही, हे गणितानं सिद्ध आहे. सात टोकांच्या नक्ष्या फार थोड्या दिसतात त्याचं हे एक कारण असावं. पण बुझजानी यांनी कारागिरांसाठी एक जवळची वाट दिली आहे: वर्तुळात समभुज त्रिकोण काढा आणि त्याच्या बाजूची निम्मी लांबी कंपासात घ्या, तीच सप्तकोनाची बाजू समजा. आम्ही ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर केलं. सात टप्पे घेतल्यावर पहिल्या खुणेपर्यंत जेमतेम पाऊण मिलिमीटर उरतं, म्हणजे पेन्सिलीला टोक नसेल तर त्या रेघेतच मुरून जाईल एवढं. भाचीला ते चालत नाही. ती म्हणते, "जुळत नाही तर नाही म्हणायचं." मी कारागिराच्या बाजूनं आहे: हा पाऊण मिलिमीटर सात बाजूंवर वाटून दिला तर कुणाच्या डोळ्याला कळणार? येत्या शनिवारी मोठा कार्डशीट आणून २० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं ठरलंय. तिथे फरक अडीच मिलिमीटरच्या वर जाईल, आणि मग वाटून द्यायचा की नाही ते ती ठरवणार आहे.